वरच्या फळीवरचं पाणी

सभागृह खच्चून भरलं होतं. मागची माणसं टाचा उंचावून पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहत होती. मंचावर पाणीवाले बुवा उभे होते. त्यांच्या एका हाताला उंच टेबलावर, दिव्याच्या झोतात, त्यांनी मंतरलेलं पाणी घातलेली वाटाण्याची एक ताटली होती. दुसरी तशीच, पण साध्या पाण्याची ताटली खाली फरशीवर होती. वरच्या ताटलीत हिरवे कोंब तरारून आले होते. खालचे दाणे फुगले होते, एवढंच.

"दाणे एका पोत्यातले!" बुवा गरजले. "ओला कापूस एका गुंडाळीचा. नळ एक. मग फरक कशाचा?"

"तुमच्या हाताचा!" लोक ओरडले.

"छे छे, माझा कसला? मी आपली नळाची तोटी!" बुवा लाजल्यासारखे हसले. "पाण्याला कान असतात. पाण्याला आठवण असते. मी त्याच्या कानात दोन शब्द सांगतो, बाकी सगळं तेच करतं. जे पाणी निजलेल्या दाण्याला उठवतं, ते तुमच्या जित्या देहाला उठवणार नाही का? फक्त एक पथ्य. माझं पाणी जमिनीला टेकवायचं नाही. उंचावर ठेवायचं. त्याचा अपमान झाला की ते मुकं होतं."

तिसऱ्या रांगेत एक शिंपी आणि त्याची धाकटी मुलगी बसली होती. थोरली लग्न होऊन गेली होती. धाकटी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या जिवाला वेगळाच घोर होता. वर्षाअखेरीला शोधनिबंध द्यायचा होता आणि विषय सापडत नव्हता.

विषय तिच्या मार्गदर्शक सरांनीच दिला. तेही बुवांच्या भक्तांपैकी. "हाच घे की," ते म्हणाले. "बुवांचं पाणी आणि बियांची उगवण. कुणी केलं नाहीये अजून. नाव होईल."

"पण सर, आराखडा कसा करू?"

"आराखड्याचं काय मोठं? एका ताटलीला बुवांचं पाणी, दुसरीला नळाचं. मोज आणि लिही. आणि हे बघ, आधी निष्कर्ष लिहून टाक, पद्धत मागाहून भर. सगळे तसंच करतात. एकदा शेवट हातात आला की बाकीचं ओघात येतं."

धाकटीने स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. दिवस थंडीचे होते. बुवांच्या पाण्याची बाटली आणि ताटली आईने भक्तिभावाने चुलीशेजारच्या वरच्या फळीवर ठेवली. नळाच्या पाण्याची ताटली खाली मोरीजवळ फरशीवर गेली. आठवडा झाला. वरची ताटली हिरवीगार, खालच्या दाण्यांना जेमतेम मोड. धाकटी हरखली. मनात कुठेतरी शंका होती, पण डोळ्यांना दिसतंय ते नाकारायचं कसं? हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत तिने निष्कर्ष लिहिला: 'मंत्रित पाण्याचा सजीवांवर निर्विवाद अनुकूल परिणाम होतो.' सरांनी 'सजीवांवर' या शब्दाखाली स्वतः रेघ ओढली आणि ते म्हणाले, "वा! बुवांनाच बोलावू तुझ्या वाचनाला."

तो कागद बाबांनी वाचला. त्यांना साखरेचा आजार होता, रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागे. दोन दिवसांनी आईने फ्रिज उघडला तर इंजेक्शनची बाटली जशीच्या तशी.

"अहो, विसरलात का?"

"विसरलो नाही, सोडलं," बाबा शिलाई यंत्रावरून म्हणाले. "उगाच पोटाची चाळण कशाला? आता बुवांचं पाणी घेतो. हवं तेवढं."

"बाबा, असं एकदम बंद करायचं नसतं!" धाकटी धावत आली.

"तुझंच तर संशोधन आहे गं. सजीवांवर निर्विवाद, असं कुणी लिहिलंय? मी सजीव नाही का? का शिंपी म्हणजे वाटाण्याहून हलका?"

ते हसले. धाकटीला हसता येईना.

त्यानंतर बाबांची तहान वाढली. तांब्यामागून तांब्या रिचवू लागले. रात्रीतून चारदा उठायचे. पायाच्या अंगठ्यात सुई रुतून झालेली जखम सुकत नव्हती, उलट काळपट पडत होती. पण बाबांच्या तोंडावर तेज होतं. "बघ, कशी तहान लागते! पाणीच बोलावतंय मला. बुवा म्हणालेच होते."

वाचन शनिवारी ठरलं होतं. त्याच्या आठ-नऊ दिवस आधी एका दुपारी धाकटी पद्धतीचं प्रकरण भरायला बसली. सवयीने लिहून गेली: 'दोन्ही ताटल्या सारख्याच परिस्थितीत ठेवल्या.' आणि पेन थांबलं. सारख्याच? तिने मान वर करून फळीकडे पाहिलं. शेजारी चूल, वर खिडकी, तिच्यातून ऊन थेट फळीवर. मग अनवाणी पाय मोरीजवळच्या फरशीवर टेकला. बर्फासारखी गार, दिवसभर अंधार. एक ताटली तिने उबेला ठेवली होती, दुसरी गारठ्यात. पाण्याचा वाद तर बाजूलाच राहिला होता. आणि सभागृहातलं उंच टेबल, तो दिव्याचा झोत, ते पथ्य! बुवा सगळ्यांनाच पाणी उंचावर ठेवायला सांगत होते. भक्त घरोघरी त्यांचा प्रयोग नकळत त्यांच्या बाजूने मांडून देत होते.

ती तडक बाबांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सगळं सांगताना तिला रडू आवरेना. "माझ्याच लिहिण्याने बाबा मरणार."

"रडून साखर उतरत नाही," बाई म्हणाल्या. "मी आज येते घरी. पण तुझे बाबा माझं ऐकतील?"

बाबांनी ऐकलं नाही. हात जोडून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्यावर राग नाही. पण पोरीचं वाचन होऊ दे. त्या दिवशी बुवा जे म्हणतील ते."

"जखम इतके दिवस थांबेल असं मी लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या. जाताना त्या आईच्या कानात काही सांगून गेल्या. त्या दिवसापासून आई बाबांचा पाय रोज धुऊन पट्टी बांधू लागली आणि ताप चढतोय का ते बघू लागली.

धाकटीने प्रयोग पुन्हा मांडला, या वेळी नीट. बाईंनी दवाखान्यात बुवांचं आणि नळाचं पाणी एकसारख्या बाटल्यांत भरलं. एकीला लाल दोरा, दुसरीला निळा. कुठल्या दोऱ्यात काय, ते फक्त त्यांना ठाऊक. घरात चार ताटल्या. लाल-निळी जोडी वरच्या फळीवर, लाल-निळी जोडी खाली फरशीवर. पाणी घालायचं काम आईचं.

"आणि मी खालच्या ताटलीला बुवांचं पाणी घातलं तर? पाप लागेल!" आई कुरकुरली.

"कुठलं ते तुला माहीतच नाही, तर पाप कसं लागेल? चारही ताटल्यांना सारख्याच मनाने घाल."

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. बुवा हार घालून पहिल्या रांगेत, शेजारी सर. बाबा लंगडत आले, पट्टी बांधलेला पाय पुढे पसरून बसले. धाकटीने चारही ताटल्या टेबलावर मांडल्या.

"माझा निष्कर्ष चुकीचा आहे," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज उठली. सर अर्धे उभे राहिले. "अगं, काय बोलतेस? कागद वाच!"

"तोच चुकीचा आहे, सर. या बघा ताटल्या. या दोन वरच्या फळीवरच्या. लाल आणि निळी, दोन्ही सारख्याच हिरव्या. या दोन फरशीवरच्या, दोन्ही सारख्याच मरगळलेल्या. दोरा कुठलाही असो. दाण्यांना ऊब आणि उजेड मिळाला तिथे ते उगवले. कुणी त्यांच्या कानात काही सांगितलं नव्हतं."

बुवा मंद हसले. "बाळ, तुझ्या मनात संशय होता. संशयाने पाणी मुकं होतं."

"पाणी माझ्या आईने घातलं, बुवा. तिच्याएवढी भक्ती इथे कुणाची नसेल. आणि मुकं झालं असेल, तर वरची ताटली कशी हिरवी झाली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीने दोन्ही बाटल्या पुढे केल्या. "कुठल्या दोऱ्यात काय आहे, ते मलाही माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून या बंद पाकिटात दिलंय. तुम्ही तुमचं पाणी ओळखा. पाण्याला आठवण असते ना, ते तुम्हाला ओळखेलच."

बुवांनी बाटल्यांकडे पाहिलं. एकदा लाल, एकदा निळी. बुवांचा हात पुढे आला आणि मग हार सावरायला मागे गेला. "देवत्व परीक्षेला बसत नाही," म्हणत ते उठले आणि चालू लागले. अर्धी सभा त्यांच्या मागे निघाली. "उद्धट पोर!" जाता जाता कुणी म्हणालं. सर खाली मान घालून फायली गोळा करू लागले. विजयाचा जल्लोष वगैरे काही झाला नाही. तिचा शोधनिबंध घेणार की नाही, तेही तिला कुणी सांगितलं नाही.

बाबा खुर्चीतून हलले नव्हते. धाकटी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तुझं ते उबेचं सगळं मला कळलं नाही," ते म्हणाले. "पण एक कळलं. तू एवढ्या लोकांत म्हणालीस, मी चुकले. ते उठून गेले, पण चुकलो म्हणाले नाहीत. ज्याला स्वतःची चूक शोधता येते, त्याच्यावर विसंबावं, असं वाटलं मला." त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला आणि कळ येऊन तोंड वाकडं केलं. "चल, दवाखान्यात. उचल मला."

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि त्या म्हणाल्या, "अंगठा वाचेल का, ते आज नाही सांगता येणार. पण तुम्ही आणखी चार दिवसांनी आला असतात, तर आपण अंगठ्याबद्दल नाही, अख्ख्या पायाबद्दल बोलत असतो." आणि त्यांनी इंजेक्शन भरलं.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: दुसरी ताटली कुठे ठेवली होती? आणि तुमच्याच हातून झालेल्या प्रयोगाला तर आणखी कडकपणे विचारा. आपल्या चुकीची किंमत बहुतेक वेळा आपल्याला नाही, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.