बटणांचा डबा

लेकीने डब्यात हात घातला आणि एक जाडजूड निळं बटण काढून बापापुढे टेबलावर ठेवलं.

"हे?"

शिंप्याने चष्मा वर सरकवला. "तुझ्या आईच्या कोटाचं."

"ते कळलं. दिवस कुठला?"

"नेहमी तोच कोट घालायची ती."

"'नेहमी' चालणार नाही, बाबा. एक दिवस सांगा."

आई गेल्यावर शिंपी वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि लेकीला बाजूला घेऊन बजावलं, 'सगळं छान होतं', 'सगळं संपलं' असं मोघम बोलू देऊ नका. रोज एखादा नेमका दिवस आठवायला लावा, नाहीतर ते पुन्हा अंथरूण धरतील. तेव्हापासून ती कामावरून थेट दुकानात यायची आणि एक बटण काढायची. जुन्या कपड्यांची बटणं जपून ठेवण्याची शिंप्याची खोड अशी कामी आली.

त्याने कात्री हातातच धरून बटण उलटंसुलटं केलं.

"थांब, थांब. सिनेमाला गेलो होतो. मंगळवारी, दुकानाला सुट्टी होती. अंधारात हे तुटलं आणि गेलं घरंगळत. आम्ही दोघं खुर्च्यांखाली रांगतोय! एका बाईच्या पायाला हिचा हात लागला, ती किंचाळली. आम्हाला हाकललं बाहेर. तुझी आई पायरीवर बसून पोट धरधरून हसली. सिनेमा बुडाला, पण बटण मुठीत!"

हसता हसता त्याला ठसका लागला. लेकीला हायसं वाटलं. तिने पर्स उचलली.

"पळतेस कुठे, ठमाबाई? आज तुझी पाळी." त्याने डबा ढवळून एक पिवळं बटण काढलं. "तुझ्या फ्रॉकचं. बोल."

"लहानपणी मजा यायची."

"कधी?"

"नेहमीच."

"एक दिवस सांग."

ती बटणाकडे बघत राहिली.

"आई शाळेत सोडायला यायची," ती म्हणाली. "सगळं छान होतं, बाबा."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. लेकीचे गाल बसले होते, ब्लाउज खांद्यावर ढिला झाला होता. माप घेणाऱ्या माणसाला हे इतके दिवस दिसलं नव्हतं. उठून त्याने दुकानाचं दार लोटलं आणि आपलं स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"ठेव ती पर्स. या फ्रॉकचं मी सुरू करून देतो, पुढचं तू सांग," तो म्हणाला. "आणि उद्यापासून रोज दोन बटणं काढायची."