चहाचे डाग

आपल्या एकाही जवानाला साधं खरचटलंसुद्धा नाही, असं रेडिओ रोज सकाळी सांगायचा. त्यामुळे लष्करी धुलाईखान्यात आघाडीवरून येणाऱ्या सदऱ्यांवर रक्त असणं शक्यच नव्हतं. मुकादमाने पहिल्याच दिवशी बायकांना बजावलं, "हे चहाचे डाग. कुणी विचारलं तर चहा. आणि चहाचा डाग कढत पाण्यानं निघतो, तेव्हा सगळं कढत हौदात टाकायचं."

कढत पाण्यात रक्त पक्कं बसतं, हे काय बायकांना सांगावं लागतं? मुकादमाची पाठ वळली की मागच्या दारापाशी गार पाण्याची बादली भरायची. तोंडाने मात्र चहाच.

"काय बाई चहा पितात आपले जवान!" त्यांच्यातली बडबडी, जिला सगळ्या चिमणी म्हणत, सदरा झटकत म्हणायची. "आणि पितात तरी कसा गं? छातीला भोक पाडून?"

हशा पिकायचा. मग ती बारीक गळ्याने सूर धरायची:

*धुते मी सदरा बाई, पाणी झालं गं तांबडं,*
*शूरांच्या फौजेमध्ये चहाचं वेड केवढं!*

हसणाऱ्यांत एक सासू आणि एक सून होती. सून गोणी उसवून कपडे काढून द्यायची, सासू धुवायची. वाळल्यावर सून भोकं रफू करायची. मग तेच सदरे नव्या भरतीच्या पोरांना जायचे, नव्यासारखे. सासूचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, आघाडीवर होता. पत्र येणं केव्हाच थांबलं होतं. पण कुणालाच खरचटत नाही म्हणजे आपलाही धडधाकट असणार, असं सासूचं सरळ गणित. सून गणितात कच्ची. ती प्रत्येक सदऱ्याची वरून दुसरी गुंडी आधी बघायची. तो निघाला त्या दिवशी खाकी दोरा संपला होता, म्हणून तिने ती निळ्या दोऱ्याने लावून दिली होती.

"छान! शत्रू लांबूनच म्हणेल, आला बघा बायकोवेडा," तो म्हणाला होता.

एका दुपारी गोणीतून निळा दोरा आला. गुंडी जागच्या जागी होती. तिच्याखालचं कापड मात्र वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं.

सुनेचे हात थांबलेले बघून मुकादम जवळ आला. त्याने सदरा पाहिला, तिचा चेहरा पाहिला, घसा खाकरला. "चहा सांडलाय," तो म्हणाला. "घाला हौदात."

"आई," सून सासूकडे वळून हळूच म्हणाली, "ह्यांनी जन्मात कधी चहाला तोंड लावलं नाही."

चिमणीचा सूर मध्येच तुटला.

सासूने पदराला हात पुसले. सदरा सुनेच्या हातातून घेतला, निळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"थंडी फार असते म्हणे तिकडे," ती म्हणाली. "लागली असेल सवय."

आणि ती चालू लागली. वाफाळत्या हौदाला वळसा घालून, मुकादमाच्या डोळ्यांदेखत, मागच्या दारापर्यंत गेली आणि सदरा गार पाण्याच्या बादलीत अलगद सोडला.

मुकादमाने तेव्हा आपणहून पाठ वळवली.

सासू बादलीशी वाकून बसली होती. "फार गार नाही ना रे," असं काहीतरी ती पाण्याला विचारत होती.