मंगलबाईंच्या तोंडाची दर्पणसुंदरी

मित्रांनो, मी जुनी नाही, जुन्याची नक्कल आहे. देवळाच्या भिंतीवर आरशात बघणारी दगडी बाई तुम्ही पाहिली असेल. तिला दर्पणसुंदरी म्हणतात. मी तीच, पण फणसाच्या लाकडाची, निळ्या नऊवारीतली, आणि हातात आरशाऐवजी मोबाईल धरलेली. माझा जन्म विंझरचा, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधला. मला घडवणारे इंद्रजितराव पुण्याहून येऊन इथे राहिले. हात कसबी, मन भलं. फक्त कौतुकाचा वास आला की मन जाग्यावर राहत नसे.

चेहऱ्यासाठी त्यांनी समोर राहणाऱ्या मंगलबाईंना बसवलं. मंगलबाईंच्या गालांवर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग. तरी त्या खुशाल बसल्या, कारण भोरच्या फोटोवाल्याने त्यांच्या फोटोतले डाग कॉम्प्युटरवर पुसून दिले होते. कलाकार म्हटला की एवढं करणारच, असा त्यांचा हिशेब. इंद्रजितरावांनी मात्र एकेक डाग जीव ओतून रंगवला.

रंग वाळल्यावर मंगलबाई बघायला आल्या आणि त्यांनी माझ्या गालावर बोट टेकवलं.

"दादा, एवढे डाग झाका. आयतवारी आमच्या सुलक्षणाला बगाय पाव्हणं येत्यात."

"अहो मंगलताई, सगळं सौंदर्य त्या डागांतच आहे."

"तुमच्या लाकडाला शोभतंय वो. माझ्या पोरीचं लगीन मोडंल."

आईला कोड म्हणजे पोरीलाही होणार, असं धरून चालणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. डाग झाकायला इंद्रजितराव तयार होईनात. शेवटी पाहुणे जाईपर्यंत मला ताडपत्रीखाली ठेवायचं त्यांनी कबूल केलं.

रविवारी मार्गासनीचे पाहुणे आले. मंगलबाई आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन बसल्या. पोहे जावेने दिले. आई तापाने निजलीय, असं सांगितलं. मुलगी पसंत पडली. परत निघालेली जीप शेडसमोर थांबली, कारण मुलाची आई बनाबाई हिला दारात विकायला ठेवलेले रंगीत लाकडी हत्ती आवडले. ती उतरली, हत्तींना "लई झ्याक" म्हणाली. तेवढ्यावर इंद्रजितरावांनी ताडपत्री ओढली.

"आन ही बया कोन?"

"समोरच्या मंगलताई. सुलक्षणाच्या आई. डाग बघा, अगदी हुबेहूब!"

बनाबाई माझ्या गालाजवळ वाकली. "व्हय. ताप बरा उमटलाय," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. पत्रिका जुळत नसल्याचा फोन जीप गाव ओलांडायच्या आत आला.

दुसऱ्या दिवशी मंगलबाई शेडमध्ये आल्या. रडल्या नाहीत. खाली पडलेला पॉलिश पेपर उचलला आणि माझ्या तोंडावर घासू लागल्या. कपाळ गेलं, गाल गेले, ओठ गेले. खालचं पिवळं लाकूड उघडं पडलं. इंद्रजितराव धावत आले.

"अहो, काय करताय? किती दिवसांचं काम आहे ते!"

"तोंड माजं हाय," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "मागारी न्हेते."

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बिनचेहऱ्याची मी प्रदर्शनात जास्तच गाजले. 'हरवलेली स्त्री' असं माझं नाव पडलं. आता मी पानशेतजवळच्या एका बंगल्यात धरणाकडे बघत उभी असते. शनिवारचे पाहुणे माझ्या मोबाईलवर ओले टॉवेल वाळत घालतात. हात फुगलाय, नऊवारीचा रंग सुटत चाललाय. पाहुणे जमले की मालक इंद्रजितरावांना बोलावतात, आणि ते जेवता जेवता सगळी हकीकत सांगतात: गाव, घर, मंगलबाई, डाग, सगळं नावानिशी. ऐकणारे हळहळतात आणि ताट पुढे करतात.

कधी इकडे आलात तर माझ्यावरचे टॉवेल काढा, कोरड्या फडक्याने धूळ पुसा. लाकडाला तेवढं पुरतं. पण हा चेहरा कुणाचा होता, हे विचारू नका. कुणी आपणहून सांगू लागलं तर विषय बदला. सुलक्षणाचं अजून कुठे जमलेलं नाही.