पडद्यामागच्या बाया

मी पडदा. सिनेमा माझ्या अंगावर दिसतो, पण मला तो कधीच दिसत नाही. मला दिसतात फक्त बघणाऱ्यांची तोंडं.

तनुजाला वाटलं होतं, आपला सिनेमा संपला की गाव पेटून उठेल. गाव उठलं, ते अंगाखालच्या चादरी झटकून घरी जायला. दूर दिल्लीत शिकून आलेली ती पोरगी सिनेमाच्या मशीनजवळ एकटीच उरली.

मला औशाच्या माणिकप्पांनी शिवलं. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडल्या, कडेला लोखंडी कड्या बसवल्या. गणपतीत, निवडणुकीत मी भाड्यानं जातो. लोक म्हणतात, "पिच्चर लई भारी व्हता." पडदा भारी होता असं कुणी म्हणत नाही. सिनेमा लोकांच्या डोक्यात बसून घरोघर जातो. मी कोरा तो कोराच. जळू नको तर काय करू?

मागच्या महिन्यात शिरूर अनंतपाळजवळच्या ह्याच गावात तनुजाच्या थोरल्या भावानं, हनुमंतानं, फुकट सिनेमा दाखवला. सरपंचपद बायकांसाठी राखीव, म्हणून त्याची बायको राजकन्या सरपंच. खुर्चीत बसतो तो. त्या सिनेमातला नायक कुणाला न विचारता एकटाच सगळ्यांना सरळ करतो. माझ्यासमोर पोरांच्या मुठी वळलेल्या होत्या. सकाळी त्यांच्या गळ्यात नायकासारखी उपरणी आली. "गावाला असाच एक खमक्या पायजे," म्हणत ती हनुमंताकडे बघू लागली. एवढी जादू कुठल्या भाषणाला जमली असती?

तनुजालाही त्या सिनेमाचा हेवा वाटला. म्हणून तिनं आपला आणला. त्यातली बाई नवऱ्याला खुर्चीवरून उठवते आणि पाटीवर स्वतःचं नाव लिहिते. उद्या ग्रामसभा. निदान एकदा तरी वहिनीनं तिथं आपल्या खुर्चीत बसावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण समोरचे पुरुष जांभया देत होते. "ताई, फाइट कवा हाय?" एकानं विचारलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. माझ्या पाठीमागून म्हाताऱ्या सरजाबाईंचा आवाज आला, "अगं, त्यो हिरो डावखुरा व्हता, ही बी डावखुरीच की!" बाया खळखळून हसल्या. तनुजाचं लक्ष पुरुषांकडेच होतं.

सकाळी ती माझ्या गाठी सोडत होती. राजकन्या चहा घेऊन आली.

"वहिनी, शेवटी ती पाटीवर नाव लिहिते, ते कसं वाटलं?"

"नाव व्हतं व्हय ते? आमाला समदं उलटंच दिसलं, वन्सं. वाचायला आलं न्हाई."

"उलटं?"

"पडद्यामागनं उलटंच दिसतंय की. बाया तिथंच बसतात. तुमच्या भावाच्या पिच्चरला बी तिथंच व्हतो."

तनुजानं हातातली कडी सोडली. ती माझ्या मागं जाऊन उभी राहिली. तिथून माझ्याकडे बघू लागली. अंगावर उजेड नसताना माझ्याकडे बघणारी ती पहिलीच.

पुढं येऊन तिनं सोडलेली गाठ पुन्हा आवळली.

"टेम्पो खोळंबलाय, सोड की," हनुमंत ओरडला.

"आज सोडणार नाही, दादा. संध्याकाळी परत दाखवणार. बाया पुढं बसतील."

"ग्रामसभा दुपारीच हाय. आता त्याचा काय उपेग?"

"मग दुपारी सभेत मी वहिनीच्या शेजारी बसते. पुढच्या रांगेत."

"अन् रात्री माणसं कुठं बसायची?"

"मागं."

"येडी झालीस काय? एक माणूस यायचा न्हाई!"

"नाही आले तर नाही. वहिनीला ते नाव वाचता आलं पाहिजे."

राजकन्येनं कपबशी खाली ठेवली आणि माझं सुटलेलं दुसरं टोक धरलं.

सिनेमाचा हेवा माझ्या मनातून गेलेला नाही. आज बायांची तोंडंही त्याच्यासाठीच पुढं येणार. पण बायांनो, मला चांगलं ताणून बांधा. नावावर सुरकुती नको.