दिव्यांचा ताप

बोगद्याच्या तोंडाशी दिव्यांची खोली होती आणि त्या खोलीवर मुकादमाच्या मेव्हणीचं राज्य. कामगार तिला डॉक्टरीणबाई म्हणत. कपाळावर बांधायचे दिवे तीच वाटायची. खाली उतरण्याआधी दिवा लावून दहा मिनिटं रांगेत उभं राहायचं. मग ती टाचा उंचावून एकेका दिव्याला हाताची मागची बाजू लावायची, आई लेकराचा ताप बघते तशी. प्रत्येक दिव्यात दोन सेल आणि त्या जोडीवर तिने लावलेला नेलपॉलिशचा एकाच रंगाचा ठिपका. भरल्या सेलशेजारी थकलेला बसवला, की भरलेला त्याला ओढत नेतो आणि थकलेला तापत जातो, असं ती नव्या माणसाला बजावायची.

मुकादमाला हे थोतांड वाटे. मेव्हणी आहे म्हणून खपवून घेतो, असं तो चारचौघांत म्हणायचा.

आदल्या दिवशी माळ्यावरची गळती शोधायला त्याने दिवा घरी नेला होता. उघडून बघताना एक सेल निसटून टाकीमागे गेला. त्याने खणातला त्याच मापाचा जुना सेल घातला आणि विषय संपवला. झाकणाआड कोण बघतंय?

सकाळी रांगेत सातव्या मिनिटालाच त्याने आता पुरे म्हणून घाई मांडली. ती त्याच्याकडे आली. तिचा हात दिव्यावर जरा जास्तच रेंगाळला.

"भाऊजी, दिवा तापलाय."

"डोकंच गरम आहे माझं. विचार तुझ्या बहिणीला."

रांग हसली. ती हसली नाही.

"डोक्याचं तीच बघेल. दिवा इकडे द्या."

त्याने पट्टा धरून ठेवला. झाकण उघडलं, की बिनठिपक्याचा सेल सगळ्यांना दिसणार आणि इतक्या वर्षांची मुकादमी मातीत जाणार. तिने त्याची बोटं बाजूला करून दिवा काढून घेतला. झाकणाला मात्र हात लावला नाही. मुकादमाचा जीव भांड्यात पडला.

दिवा बंद करून तिने तो चिमट्याने अंगणातल्या वाळूच्या बादलीत ठेवला आणि सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला लांब पिटाळलं. थोड्याच वेळात धाडकन आवाज झाला. काच उडून पत्र्यावर आपटली, घसा जाळणारा पांढरा धूर निघाला.

मुकादमाने कपाळ चाचपलं. तिथे पट्ट्याचा वळ तेवढा होता.

कुणीतरी विचारलं, उघडून का नाही पाहिलं?

"उघडलं असतं तर माझ्या तोंडावर फुटला असता," ती म्हणाली आणि दुसरा दिवा आणायला वळली. दिव्यात काय चुकलं, हे तिने कुणालाच विचारलं नाही.

आपण मघाशी कशासाठी सुटकेचा श्वास सोडला, हे आठवून मुकादमाला स्वतःचीच शरम वाटली.

"जोडी मी मोडली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जुना सेल घरी मी घातला."

कुणी हसलं नाही. तिने नव्या दिव्यातले दोन निळे ठिपके त्याला दाखवले आणि झाकण लावलं. तो दिवा पेटवून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पूर्ण दहा मिनिटं. ती जवळ आली तेव्हा तिला टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत. त्याने आपणहून मान खाली केली होती.

"ताप नाही," ती म्हणाली. "जा आता."