डावं मडगार्ड

काकांच्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि बॉनेटवरचा लाल रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला होता. रंगवावी की नाही, यावर काका सहा महिने डोकं धरून बसले होते. कंपनीतून आली तोच रंग आजही अंगावर आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवण्यात त्यांची हयात गेली होती. रंगवली तर ते वाक्य गेलं. नाही रंगवली तर पत्रा गंजणार.

काकूंचं एकच पालुपद. "छान दिसतेय की. कशाला हात लावताय?" काकांना वाटलं, चला, बायकोला शेवटी गाडीची किंमत कळली. काकूंना मात्र भीती वेगळीच होती.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी काका आठवडाभर बाहेरगावी असताना काकूंनी बॅग भरली होती. त्या तापाने फणफणल्या होत्या तेव्हाही हा माणूस आधी गॅरेजमध्ये डोकावला होता. निघाल्या त्याही त्याच गाडीने, दुसरी होतीच कुठे? फाटकाच्या खांबावर डावं मडगार्ड असं चेपलं की थेट चाकात रुतलं. काका परतायच्या आत एका म्हाताऱ्या पेंटरने खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगाला रंग मिळवून दिला. तो पेंटर केव्हाच वारला. काकूंनी चाळीस वर्षं ब्र काढला नाही.

आज गाडी बघायला बोलावलेल्या पेंटरने खिशातून लोहचुंबक काढलं आणि गाडीवर ठिकठिकाणी लावून पाहिलं. बॉनेटला चिकटलं, दाराला चिकटलं. डाव्या मडगार्डवरून घसरून खाली पडलं. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"काका, इथे पत्र्यावर बोटभर लांबी भरलीय, म्हणून चुंबक धरत नाही. ही बाजू कधीतरी ठोकलेली आहे."

"शक्यच नाही. या गाडीला माझ्याशिवाय कुणी..." काका थांबले. चावीची जागा घरात दोघांनाच माहीत होती. ते काकूंकडे वळले.

कंपनीतूनच तशी आली असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ते ओझं वाहून काकू थकल्या होत्या.

"माझ्या हातून लागली. तुम्ही बाहेरगावी होता तेव्हा. फाटकाला."

काकांनी मडगार्डवरून बोटं फिरवली.

"जाताना की येताना?"

"जाताना," काकू म्हणाल्या. "बॅग होती बरोबर."

"पण परत आलीस."

"चाक फिरेना."

"आणि गाडी नीट झाल्यावर?"

"तोवर धीर गेला होता."

काकांचा चेहरा उतरला. काकूंना त्यांची दया आली, पण 'तसं नाही हो' म्हणायला जीभ रेटेना.

पेंटरने घसा खाकरला. "मग काय करायचं, काका? सगळी रंगवायची?"

"बाकीची राहू दे," काका म्हणाले. "एवढी बाजू खरवड. आत काय आहे ते मला बघायचंय."

काकूंनी जाऊन गॅरेजचं दुसरं दार उघडलं. पेंटरला उजेड लागणार होता.