मोरसची वही

कलगोंडा पाटील लोकल बोर्डाचे मेंबर झाले, तेव्हाच कोगनोळीकरांनी ओळखलं होतं की या माणसाची भूक एवढ्यावर भागायची नाही. सदतीस साली मुंबईच्या असेंब्लीची निवडणूक लागली आणि मेंबर उभे राहिले. त्यांची बायको शालन मात्र तोवर नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचंही टाळू लागली होती. बेळगावच्या कॅम्पातल्या बैठका उरकून मेंबर परतले की त्यांच्या कोटाला मटणाचा वास यायचा. सभेत अहिंसेवर तासभर बोलणारा हा जैन गृहस्थ घरी काडीनं दात कोरत बसायचा आणि काडीला लागलेलं तिच्यादेखत झटकायचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, पण निदान हत्ती ते बायकोसमोर कोरत बसत नाही. तो कोट शालन दोन बोटांत धरून दोरीवर टाकायची.

तिचा जीव होता एका वहीत. तिचे वडील मोरस बेटावर, म्हणजे मॉरिशसला, एका व्यापाऱ्याकडे कारकून होते आणि लग्नापर्यंत ती तिथंच वाढली. शेजारी तमिळ, चिनी, भोजपुरी, आफ्रिकी वंशाच्या बाया होत्या. त्या काय रांधतात ते ती लिहून घ्यायची. डाव्या पानावर शेजारणीनं सांगितलेलं, मासळी-कांद्यासकट. उजव्या पानावर तेच, पण जैनाच्या चुलीला चालेल असं: मासळीऐवजी कच्चं केळं, कांद्याऐवजी कोबी आणि चिमूटभर हिंग. डाव्या पानातला एक घासही तिनं कधी तोंडात घातला नव्हता. पण पान तिनं एकही गाळलं नाही. ज्यांच्या हातचं आपण खाल्लं नाही, त्यांचं नाव आणि रीत तरी धड लिहावी, एवढंच तिला वाटायचं.

अशात कोगनोळीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक दिगंबर मुनी महाराज मुक्कामाला आले. महाराज दिवसातून एकदाच, ज्या दारी थांबतील तिथं, उभ्यानं ओंजळीत आहार घेतात. तो मान कुणाच्या घराला मिळाला हे साऱ्या पट्ट्यात कळतं.

"अण्णा, महाराज तुमच्या घरला आलं की चिकोडीपतूर जैन मतं आपली," मेंबरांचा प्रचार बघणारा सुकुमार म्हणाला. "पर वैनींच्या वहीत मासळीचं लिवल्यालं हाय, असं बाया बोलत्यात."

मेंबर तडक माजघरात आले. "वही काढ गं ती. महाराज येत्यात, घरात अभक्ष्याचं नाव नगं."

"नावानं विटाळ हुतो व्हय?" शालन म्हणाली. "मग कोटाला येतो त्यो वास कशाचा?"

"तुला राजकारण कळत न्हाय," म्हणून मेंबर बाहेर गेले. शालननं वही ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली सरकवली.

सकाळी ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून स्वयंपाकघरात आली. महाराजांसाठी पाणी उकळायचं होतं. ते उकळत होतंच. ओल्या धोतरानं मेंबर चुलीपुढं बसले होते आणि वहीची पानं फाडून एकेक आत सारत होते.

"लाकडं ओली हुती," ते म्हणाले. "कागदानं बेस पेट घेतला."

आणि हसले. शेवटचं पान डावं होतं की उजवं, तेही शालनला दिसलं नाही. तिला रडू आलं नाही. तिला त्या हसण्याची किळस आली, त्या ओल्या धोतराची आली, सकाळी सकाळी धुवून पुसून शुद्ध झालेल्या त्या हातांची आली.

दहाच्या सुमारास नवरा-बायको कलश घेऊन दारात उभे राहिले. गल्ली माणसांनी भरली होती. महाराज आले. "नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ," मेंबर म्हणाले आणि महाराज थांबले. सुकुमारनं गर्दीकडे बघून मान डोलावली.

आता दोघांनी शुद्धी बोलायची. दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडून ती आल्याशिवाय महाराज उंबरा ओलांडत नाहीत. मेंबरांनी सभेतला आवाज लावला. "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध हाय."

शालननं हातातल्या कलशाकडे बघितलं. महाराज तिच्याकडे बघत शांत उभे राहिले. मेंबरांचं कोपर तिच्या बरगडीत रुतलं. "म्हण की गं."

"महाराज, माझ्या जिभेवर खोटं येत न्हाय," ती हळूच म्हणाली. "ह्या घरात काय बी शुद्ध न्हाय. पाणी तर न्हायच."

महाराज वळले आणि पुढं गेले. दोन घरं सोडून विधवा जयाबाई एकटीच कलश घेऊन उभी होती. तिच्या दारी ते थांबले, तिची शुद्धी ऐकली आणि आत गेले.

पाणी का शुद्ध नाही, हे मेंबरांनी विचारलं नाही. साधू आपल्या दारातून माघारी गेला याचंही त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

"पाच-सहाशे मतं घालवलीस," ते दातओठ खात पुटपुटले. "निस्ती तोंडानं म्हणायची हुतीस. एवढं काय जड हुतं?"

शालननं हातातला कलश त्यांच्या हातात दिला, पायरी उतरली आणि जयाबाईच्या अंगणात जमलेल्या बायकांत जाऊन उभी राहिली. बायका जरा सरकल्या. तिला जागा झाली.